पायांतील ओझे : लांबच्या वाटेच्या वहाणांचा इतिहास

लांबच्या वाटेस निघणारा मनुष्य आधी शिदोरीचा विचार करतो, मग अंथरुणा-पांघरुणाचा. वहाणांचा विचार तो बहुधा उंबरठ्यावर उभा राहून करतो. वास्तविक शिदोरी संपली तर वाटेवरचा एखादा सज्जन भाकरी देईल, पांघरूण भिजले तर धर्मशाळेत घोंगडी मिळेल. पाय मात्र ज्याचे त्यानेच मुक्कामापर्यंत न्यावयाचे असतात. आणि पायांचा प्रश्न निघाला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: वाट जितकी खडतर, तितके पादत्राण जाड, उंच आणि जड हवे. हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याची उलटतपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाही. आमचा व्यवसाय कायद्याचा असल्यामुळे सर्वमान्य समजुतींवर आमचा विश्वास थोडा कमी आणि साक्षीपुराव्यावर थोडा अधिक असतो. म्हणून या प्रश्नावर इतिहासाची साक्ष काय आहे, ती क्रमाने पाहावी असे आम्ही योजिले आहे.

पहिली साक्ष आपल्या घरचीच घेऊ. महाभारताच्या अनुशासनपर्वात छत्र आणि उपानह यांच्या उत्पत्तीची कथा आली आहे. जमदग्नी ऋषी क्रीडेच्या भरात बाण सोडीत होते आणि रेणुका ते बाण वेचून आणून देत होती. ज्येष्ठाचे दिवस, मध्यान्हीची वेळ. मस्तक आणि पाय दोन्ही पोळल्यामुळे ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबली. उशिराचे कारण कळताच ऋषींचा कोप सूर्याकडे वळला आणि त्यांनी त्याच्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्याने ब्राह्मणाच्या रूपाने येऊन त्यांची समजूत घातली आणि आपल्या तापापासून रक्षण व्हावे म्हणून एक छत्र आणि चामड्याच्या वहाणा त्यांच्या हाती दिल्या. छत्र आणि उपानह यांचे दान आपल्याकडे पुण्यप्रद मानले गेले, त्याच्या मुळाशी ही कथा आहे. याच रेणुकेस सौंदत्तीच्या डोंगरावर भाविक यल्लम्मा म्हणून पूजितात, आणि बेळगाव-धारवाडकडील कितीतरी यात्रेकरू आजही तिच्या दर्शनास पायी जातात. त्यांच्यातील किती जणांस ठाऊक असेल, की पायांतील वहाण ही ज्या देवीच्या पोळलेल्या पावलांमुळे माणसास मिळाली, तिच्याच भेटीस आपण चाललो आहोत!

या कथेतील एक गोष्ट आम्हांस मार्मिक वाटते. छत्री आणि वहाण यांस पुराणकाराने जुळ्या बहिणी मानले आहे. छत्री डोक्यावर भार टाकीत नाही; ती ऊन तेवढे अडविते. वहाणेचेही काम तेच. तिने पाय आवळून धरावयाचा नाही, त्यास उचलावयाचेही नाही. जमिनीचा ताप, काटा आणि खडा एवढा अडविला की तिचे कर्तव्य संपले. पादत्राणाकडून याहून अधिक मागितले की वजन वाढू लागते.

दुसरी साक्ष अधिक स्पष्ट आहे, कारण ती कथेच्या नव्हे, नियमांच्या भाषेत बोलते. पाली विनयपिटकातील महावग्ग या ग्रंथात चामड्याच्या वस्तूंविषयी एक संपूर्ण प्रकरण आहे. चंपा नगरीच्या एका श्रीमंत घरातील सोण कोळिविस नावाचा तरुण भिक्षू झाला. तो इतका सुकुमार, की त्याच्या तळव्यांवर लव होती असे ग्रंथ सांगतो. राजगृहाजवळ सीतवनात तो अनवाणी चंक्रमण करू लागला आणि चालण्याची वाट त्याच्या पायांतील रक्ताने माखली. बुद्धांनी प्रथम त्यास वीणेचा प्रसिद्ध दृष्टांत दिला: तार अति ताणली तरी सूर लागत नाही आणि अति सैल सोडली तरी लागत नाही. त्यानंतर त्यांनी त्यास वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने उत्तर दिले ते मोठ्या अभिमानाचे होते. सोन्याचे गाडे आणि हत्ती सोडून आलेल्या माणसास वहाणांच्या जोडीचा मोह पडला असे लोक म्हणतील. संघास अनुज्ञा मिळेल तर मीही घेईन, एरवी नाही. तेव्हा बुद्धांनी सर्व भिक्षूंस अनुज्ञा दिली. परंतु ती एका पदराच्या तळव्याच्या वहाणेची. दुहेरी, तिहेरी आणि अनेक पदरी वहाणांस त्यांनी मनाई केली.

हे भिक्षू म्हणजे त्या काळचे व्यवसायाने चालणारे लोक होत. पावसाळ्याचे महिने सोडले तर बाकीचे वर्ष त्यांचे गावोगाव फिरण्यात जाई. अशा लोकांस दिलेला नियम सर्वांत हलक्या वहाणेचा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मनाईच्या मुळाशी चैनीचा तिटकारा होता हे आम्ही नाकारीत नाही. पण वैराग्याचा नियम आणि चालण्याचा नियम येथे एकाच ठिकाणी येऊन मिळाले, हेही तितकेच खरे.

नियम म्हटला की त्यास अपवाद आला, आणि अपवादातच नियमाची बुद्धी दिसते. हा अपवाद आपल्या माळव्यातून आला. अवंती देशात राहणारे महाकच्चान यांनी आपला शिष्य सोण कुटिकण्ण यास बुद्धांकडे पाठविले आणि त्याच्याबरोबर काही विनंत्या धाडल्या. त्यांपैकी एक वहाणांची होती. अवंती-दक्षिणापथाची भूमी काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, असे तीत म्हटले होते. पावसात चिखल व्हावा, त्यात गुरांचे खूर रुतावेत आणि उन्हाळ्यात त्याच खळग्यांच्या कडा काट्यांसारख्या कडक व्हाव्यात, हे काळ्या मातीचे वर्णन इंदूर-उज्जैनकडील शेतकऱ्यास आजही समजावून सांगावे लागणार नाही. ग्रंथाने त्यास शब्दच 'गोकंटक' असा वापरला आहे. बुद्धांनी विनंती मान्य केली आणि अशा सीमावर्ती प्रदेशांत अनेक पदरी तळव्याची वहाण चालेल असा निर्णय दिला. न्यायाधीशाने द्यावा तसाच हा निर्णय आहे. सर्वसाधारण नियम हलक्या वहाणेचा. जाड वहाण हवी असेल तर ती का हवी हे जमिनीने सिद्ध करून दाखवावे. पुराव्याचा भार जड वहाणेवर आहे.

जगातील इतर जुन्या वाटांवरही हाच न्याय चाललेला दिसतो. जपानात एदो आणि क्योतो या दोन शहरांना जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावर त्रेपन्न ठाणी होती. त्या सुमारे पाचशे किलोमीटरांच्या वाटेवरचे सामान्य प्रवासी भाताच्या पेंढ्याच्या वळलेल्या वहाणा घालीत. त्या थोड्याच दिवसांत झिजत. झिजल्या की टाकून देत आणि वाटेवरच्या दुकानातून नवा जोड घेत. हलके पादत्राण टिकत नाही हा त्याच्यावरचा आक्षेप जुना आहे. त्या प्रवाशांचे उत्तर सरळ होते: पेंढा झिजावा, पाय झिजू नये.

आता थोडा हिशेब करू. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरांची. मध्यम उंचीच्या माणसाचे पाऊल अडीच फुटांचे धरले तर या वाटेवर सव्वातीन लाखांहून अधिक पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पाय सुमारे १ लाख ६० हजार वेळा उचलावा लागतो. एका बुटाचे वजन हलक्या वहाणेपेक्षा केवळ ४०० ग्रॅम अधिक असले, तर पंढरपूर येईपर्यंत एकेका पायाने सुमारे ६४ टन ओझे जास्तीचे उचललेले असते. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा रोख चुकीचा नाही. पाठीवरचे ओझे चालताना थोडेसे वरखाली होते. पायांतील ओझे मात्र दर पावलास थांबवावे लागते, उचलावे लागते, पुढे फेकावे लागते आणि पुन्हा थांबवावे लागते. १९६९ साली अमेरिकन सैन्याच्या शास्त्रज्ञांनी डोक्यावर, हातांत आणि पायांत वजने देऊन माणसांस चालविले आणि श्वासावरून खर्च होणारी शक्ती मोजली. पायांतील वजनास, चालण्याच्या वेगानुसार, तेवढेच वजन धडावर वाहण्यापेक्षा चार ते सहा पट अधिक शक्ती लागते असे त्यांस आढळले. गिर्यारोहकांत 'पायांतील एक शेर म्हणजे पाठीवरचे पाच शेर' अशा अर्थाची जी म्हण चालत आली होती, तिला या मोजमापाने आधार मिळाला.

मग जड बुटाची प्रतिष्ठा आली कोठून? ती आली युरोपातील बर्फाच्या डोंगरांवरून. आल्प्सचे वाटाडे जाड चामड्याचे, तळव्यास लोखंडी खिळे ठोकलेले बूट वापरीत. बर्फावर घसरू नये आणि थंडीने बोटे गळून जाऊ नयेत यासाठी ते योग्यच होते. येथे प्रतिपक्षाची सर्वांत बळकट साक्षही नोंदविली पाहिजे. १९३५ साली इटलीतील गिर्यारोहक विताले ब्रामानी यांच्या तुकडीवर पुंता रासिका या शिखरावर वादळ कोसळले आणि सहा जण मृत्यू पावले. त्या मृत्यूंत अपुऱ्या पादत्राणांचा वाटा होता. त्या दुःखातून ब्रामानी यांनी खोल दातऱ्यांचा रबरी तळवा तयार केला. १९३७ पासून तो 'व्हिब्रम' या नावाने प्रसिद्ध झाला आणि खिळ्यांची जागा त्याने घेतली. म्हणून हलकेपणा हा काही वेद नव्हे. बर्फ, हिमवादळ आणि उभा कडा यांच्यापुढे हलकी वहाण म्हणजे आत्मघात होय. परंतु पुढे झाले ते असे: शिखरावरच्या बुटाची कीर्ती खाली मैदानात उतरली आणि ज्यांस आयुष्यात बर्फ दिसणार नव्हते असे रानवाटांवरचे लोकही तोच बूट घालू लागले. अपवादासाठी केलेला कायदा सर्वांस लागू झाला.

ही रूढी जिने मोडून दाखविली ती कोणी सेनापती नव्हती की शास्त्रज्ञ नव्हती. एमा गेटवुड ही अमेरिकेतील ओहायो प्रांतातील शेतकरी बाई. तिचा जन्म १८८७ चा. १९०७ साली तिचे लग्न झाले, तिने अकरा मुले वाढविली आणि तीस वर्षांहून अधिक काळ नवऱ्याची निर्दय मारहाण सोसली. १९४१ साली न्यायालयाने तिला घटस्फोट दिला. मारहाणीच्या त्या वर्षांत ती घराबाहेर पडून रानात चालत जाई. तिला विसावा तेथेच मिळे. उतारवयात एका मासिकात तिने अॅपलाचियन डोंगररांगेतील पायवाटेविषयी वाचले. ही वाट अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया प्रांतापासून उत्तरेकडील मेन प्रांतापर्यंत जाते आणि तेव्हा तिची लांबी सुमारे २,०५० मैल होती. १९५४ साली तिने उत्तरेकडून आरंभ केला. पण ती वाट चुकली, चष्मा फुटला आणि वनरक्षकांनी तिला परत जाण्यास सांगितले. १९५५ च्या ३ मे रोजी ती दक्षिणेच्या टोकाकडून पुन्हा निघाली. तेव्हा तिचे वय ६७ वर्षांचे होते.

तिच्या पायांत होते ते केड्स नावाचे कापडी बूट, रबरी तळव्याचे, शाळेतील मुले खेळताना घालतात तसले. खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी. तंबू नाही, पाऊस लागू नये म्हणून न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. त्या ऑगस्टमध्ये दोन मोठी चक्रीवादळे त्या प्रदेशावरून गेली. तीही तिने वाटेवरच काढली. २५ सप्टेंबर रोजी ती मेनमधील कटाडिन शिखरावर पोचली. एवढी वाट एकटीने एका हंगामात चालून जाणारी ती पहिली स्त्री. या प्रवासात कापडी बुटांचे सहा-सात जोड फाटले. म्हणजे सरासरी तीनशे मैलांस एक जोड पडला. पुढे १९५७ मध्ये तिने तीच वाट पुन्हा चालून काढली, १९५९ मध्ये ओरेगॉनच्या जुन्या गाडीवाटेने सुमारे दोन हजार मैल चालली आणि १९६४ मध्ये अॅपलाचियन वाट टप्प्याटप्प्याने तिसऱ्यांदा पूर्ण केली. १९७३ मध्ये ती वारली.

या बाईचे कौतुक करताना तिच्या कापडी बुटांस वृद्धेचा विक्षिप्तपणा मानण्याची चाल होती. आम्हांस ते तसे वाटत नाही. ज्या स्त्रीने आयुष्यभर दुसऱ्याने लादलेले ओझे वाहिले, तिला अनावश्यक ओझे ओळखण्याची दृष्टी आली असेल तर त्यात नवल काय? विसाव्या शतकाच्या अखेरीस रे जार्डिन नावाच्या अभियंत्याने पॅसिफिक किनाऱ्यालगतची डोंगरवाट पत्नीसह चालून १९९२ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि बुटांऐवजी धावण्याचे हलके जोडे घालण्याचा पुरस्कार केला. पाठीवरचा बोजा कमी केला की पायांस जड आधार लागत नाही, आणि पाय हलके झाले की मजल लांब होते, हे त्याने तर्काने मांडले. आज त्या लांब वाटांवर चालणारे बहुसंख्य लोक हलकेच जोडे घालतात. म्हणजे शेतकरी बाईने कृतीने जे आधी सिद्ध केले, ते सदतीस वर्षांनी पुस्तकात आले.

आता आपल्या वाटेकडे वळू. ज्ञानदेवांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याच्या सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. सोहळ्याचे अश्व आजही बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात आणि अंकलीहून आळंदीपर्यंत चालतच जातात. ग्वाल्हेर आणि बेळगाव यांचा हा वाटा आमच्या वाचकांस अभिमानाचा वाटावा. या सोहळ्यात पादुकांस पालखी आहे आणि वारकऱ्यांस वहाणा आहेत. पालखीतील पादुका चालत नाहीत. त्यांच्या दर्शनासाठी लाखो लोक चालतात. त्या लाखो पायांची काळजी हा भक्तीच्या बाहेरचा विषय आहे असे आम्ही मानीत नाही.

आषाढीची वारी भर पावसाची. येथे जातिवंत चामडी वहाणेचीही परीक्षा होते. कोरड्या, तापलेल्या देशावर तिच्यासारखी वहाण नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे पायाच्या घामाने हळूहळू पायाचाच आकार घेते. पण तेच कातडे दोन दिवस चिखलपाण्यात राहिले की फुगते, जड होते आणि पट्ट्याखाली कातडी सोलून निघते. म्हणून वारकऱ्यांनी कोणाच्या उपदेशाची वाट न पाहता रबरी तळव्याच्या, पाणी न धरणाऱ्या स्वस्त चपला आणि कापडी बूट स्वीकारले. गोव्यातून घाट चढून जाणाऱ्या दिंड्यांस आधी जांभ्याचा खरखरीत दगड लागतो आणि मग देशावरची काळी माती. त्यांचा अनुभवही असाच आहे. अवंतीच्या भिक्षूंप्रमाणे त्यांनीही जमिनीस विचारून निर्णय केला.

एवढ्या साक्षी झाल्यावर निष्कर्ष सांगणे प्राप्त आहे. पायी यात्रेस निघणाऱ्याने आपली भूमी कोणती, ऋतू कोणता आणि पाठीवर ओझे किती, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. बर्फ नसेल आणि ओझे थोडे असेल तर हातात धरल्यावर हलके वाटणारे, मधोमध सहज वाकणारे आणि भिजल्यावर लवकर सुकणारे पादत्राण घ्यावे. ओझे अवजड किंवा वाट अणकुचीदार दगडांची असेल तर तळवा जाड घ्यावा, पण उंची आणि वजन विनाकारण वाढवू नये. खरेदीस संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय फुगलेला असतो आणि यात्रेत तो त्याहून अधिक फुगतो. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा राहिली नाही तर उतारावर नखे काळी पडतात. नवा जोड घालून यात्रेस निघू नये. आधी आठ-पंधरा दिवस तो पायांत घालून रोज चालावे. दुसऱ्याने वापरलेली वहाण घालू नये असे मनुस्मृतीत सांगितले आहे. त्यामागील शुद्धीचा विचार बाजूस ठेवला तरी चालणाऱ्यास तो नियम हिताचा आहे, कारण वहाण पहिल्या पायाचे वळण घेते आणि दुसऱ्या पायास फोड देते.

एका गोष्टीविषयी विशेष सांगितले पाहिजे. अनवाणी यात्रा करण्याचा नवस पुष्कळ जण बोलतात आणि त्या श्रद्धेचा आम्हांस आदर आहे. परंतु ज्यांस मधुमेह आहे त्यांच्या पायांची संवेदना कित्येकदा कमी झालेली असते. खडा रुतला, तापलेल्या डांबराने कातडी भाजली तरी त्यांस कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. अशांनी अनवाणी जाऊ नये, अंगठ्यात रुतणारी चपलही घालू नये. वैद्याच्या सल्ल्याने मऊ आणि बंद जोडा घ्यावा आणि रोज मुक्कामावर तळवे तपासावेत. रेणुकेचे पाय पोळले तेव्हा सूर्यदेवाने तिला अधिक सोसण्यास सांगितले नाही, वहाणा दिल्या.

शेवटी, वहाणेच्या इतिहासात वहाण करणाऱ्याचे नाव नसेल तर तो इतिहास अपुरा होय. आमच्याच पेशातील एका मनुष्याने हे काम स्वतः शिकून घेतले होते. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली सुरू झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर बॅरिस्टर गांधी वहाणा करण्यास शिकले. त्यांचे मित्र कॅलनबाख हे ती कला मारियानहिल येथील ख्रिस्ती मठात शिकून आले होते आणि त्यांनी ती गांधींस शिकविली. १९१४ साली आफ्रिका सोडताना गांधींनी ज्या जनरल स्मट्स यांच्याशी झगडा केला होता, त्यांसच एक जोड भेट दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त सन्मानाने परत पाठविला. जे काम आपल्या समाजात हीन मानले जात होते, ते एका बॅरिस्टराने आपल्या हातांनी केले आणि त्याची देणगी राज्यकर्त्यास दिली.

आपल्याकडे ते काम पिढ्यानपिढ्या ज्यांनी केले, त्या चर्मकारांच्या वाट्यास मात्र वेगळाच न्याय आला. ज्यांनी शिवलेल्या वहाणांनी यात्रेकरू पंढरीस पोचले, त्यांस राउळाच्या आत जाण्यास मज्जाव होता. वहाण दाराबाहेर राहते हे योग्यच. ती करणारा मनुष्यही बाहेर राहावा, हा न्याय कोणत्या देवाचा? संत रोहिदासांसारखा चर्मकार संतमालिकेत आदराने आला तरी त्यांच्या जातभाईंस विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यातील साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत थांबावे लागले. पुढे राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पण कायद्याने दार उघडते, मन उघडण्याचे काम समाजाचे असते.

कोल्हापुरी वहाणेस २०१९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे एकत्र आले आहेत. सीमेवरून दोन राज्यांत इतका वाद असताना वहाणेने ती रेषा ओलांडली, कारण अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर एकच विद्या जाणतात. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या फॅशनगृहाने मिलान येथील प्रदर्शनात तसल्याच वहाणा उगमाचा उल्लेख न करता दाखविल्या. येथे ओरड झाल्यावर त्या भारतीय कारागिरीपासून स्फुरल्या आहेत असे त्यांस मान्य करावे लागले. परदेशी व्यापाऱ्याने कारागिराचे नाव गाळले म्हणून आपण रागावलो हे ठीकच झाले. पण तेच नाव आपणही किती काळ गाळीत आलो, हा प्रश्न त्या रागासरशी स्वतःस विचारावयास हवा होता.

वारीच्या वाटेवर झाडाखाली बसून तुटलेला अंगठा शिवून देणारे चर्मकार आजही दिसतात. कित्येक जण सेवा म्हणून पैसेही घेत नाहीत. हलक्या वहाणेचे सारे शास्त्र त्या सुई-दोऱ्यावर उभे आहे, कारण जी हलकी असते ती वाटेत तुटते आणि तुटली की कोणीतरी शिवणारा लागतो. आपल्या देवस्थानांच्या समित्या यात्रेकरूंसाठी पाणी, अन्न आणि निवारा यांची तरतूद मोठ्या आस्थेने करतात. त्या यादीत वहाण दुरुस्त करणाऱ्याची जागा, त्याच्या डोक्यावर छप्पर आणि त्याच्या श्रमाचे रोख मोल एवढे आणखी लिहावे, ही आमची विनंती आहे. छत्र आणि उपानह यांचे दान पुण्याचे आहे, असे सांगणारा ग्रंथ आपलाच आहे.